स्टीव्ह टिकोलोची आंतरराष्ट्रीय कारकीर्द (१९९६-२०११) आणि केनियातील क्रिकेट : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

दि. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडिजचा ७३ धावांनी पराभव केला. विश्वचषकाच्या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित निकालांमध्ये या सामन्याची गणना होते. महाराष्ट्रातील क्रिकेटरसिकांच्या स्मरणात तो अधिक राहिला, कारण तो त्यांच्या अंगणात घडला. मात्र त्या दिवसाचे धावफलक बारकाईने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. केनियाच्या १६६ धावांमध्ये सर्वाधिक वाटा अवांतर धावांचा, म्हणजे ३७ धावांचा होता. प्रत्यक्ष फलंदाजांमध्ये सर्वाधिक धावा स्टीव्ह टिकोलोच्या होत्या आणि त्या केवळ २९ होत्या. वेस्ट इंडिजचा डाव ९३ धावांत आटोपला. रजब अली व कर्णधार मॉरिस ओडुंबे यांनी प्रत्येकी तीन गडी बाद केले. विजयाचे श्रेय गोलंदाजांकडे गेले आणि ते योग्यच होते.

पुढील पंधरा वर्षे केनियाच्या फलंदाजीचा भार ज्या खेळाडूने वाहिला, त्याची जगाला झालेली ही सुरुवातीची ओळख होती. केनियाच्या क्रिकेटविषयी जे लेखन झाले आहे, त्यात बहुधा दोनच सूत्रे आढळतात. २००३ च्या विश्वचषकातील उपांत्य फेरी हा चमत्कार मानला जातो आणि त्यानंतरच्या अधोगतीचे खापर खेळाडूंचा पैशाचा हव्यास व संघटनेतील भ्रष्टाचार यांवर फोडले जाते. ही मांडणी असत्य नाही, परंतु अपुरी आहे. टिकोलोच्या कारकीर्दीचा कालक्रमाने विचार केला असता दिसते की, यशाच्या सर्वोच्च क्षणानंतरच या संघाला खेळण्यासाठी सामने उरले नाहीत. संघटनेतील कलह हे ऱ्हासाचे एक कारण होते, परंतु संधीचा अभाव हे त्याइतकेच, किंबहुना अधिक खोलवरचे कारण होते. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने या कारकीर्दीचा विचार करण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

पूर्व आफ्रिकेत क्रिकेट आले ते ब्रिटिश अधिकारी व वसाहतदार यांच्याबरोबर. रेल्वेच्या व व्यापाराच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांनी ते उचलून धरले. नैरोबीतील क्लब वंश व जमात यांनुसार विभागलेले होते आणि युरोपीय विरुद्ध आशियाई असे सामने तेथे प्रतिष्ठेचे मानले जात. मुंबईतील पंचरंगी सामन्यांचा इतिहास परिचित असलेल्या वाचकांस ही रचना नवी वाटणार नाही. साम्राज्याच्या दोन टोकांवरील बंदरांत व शहरांत एकच पद्धत रुजली होती. फरक असा की, मुंबईत या विभागणीच्या आत राहूनही स्थानिक समाजाने हा खेळ आपलासा केला, तर केनियात बहुसंख्य आफ्रिकी समाज दीर्घकाळ मैदानाच्या कुंपणाबाहेरच राहिला.

१९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात केनिया, युगांडा, टांझानिया व झांबिया यांतील खेळाडूंचा मिळून ‘पूर्व आफ्रिका’ हा संघ खेळला. हरीलाल शाह त्याचे कर्णधार होते. संघात आशियाई वंशाच्या खेळाडूंचे प्राबल्य होते आणि त्याने तिन्ही सामने गमावले. १९८१ मध्ये केनियाला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे स्वतंत्र सहयोगी सदस्यत्व मिळाले. याच सुमारास नैरोबीतील क्लबांच्या परिसरात वाढलेली आफ्रिकी मुले खेळात पुढे येऊ लागली.

ही मुले मोजक्याच कुटुंबांतून आली, ही बाब येथे विशेष नोंदवावी लागेल. टॉम, डेव्हिड व स्टीव्ह हे तिघे टिकोलो बंधू होते. मॉरिस व एडवर्ड हे ओडुंबे बंधू, तर मार्टिन व टोनी हे सुजी बंधू होते. केनेडी ओटिएनो, डेव्हिड ओबुया आणि कॉलिन्स ओबुया हेही सख्खे भाऊच. एखाद्या देशाचा राष्ट्रीय संघ चार घरांतून उभा राहतो, तेव्हा त्यात कौतुक करण्याजोगे पुष्कळ असते, परंतु त्या खेळाचा पाया किती अरुंद आहे हेही त्यातूनच कळते. केनियात शाळा, जिल्हा, प्रांत अशी चढती साखळी नव्हती. प्रथम श्रेणीची देशांतर्गत स्पर्धा नव्हती. होते ते नैरोबीतील क्लबांचे क्रिकेट आणि काही प्रमाणात मोंबासातील.

स्टीव्ह टिकोलोचा जन्म २५ जून १९७१ रोजी नैरोबीत झाला. थोरला भाऊ टॉम याने केनियाचे नेतृत्व केले होते, त्यामुळे क्रिकेट त्याला घरातच मिळाले. मात्र त्यापुढील शिक्षणाची सोय देशात नव्हती. प्रथम श्रेणी क्रिकेटचा अनुभव घेण्यासाठी त्याला दक्षिण आफ्रिकेत जाऊन बॉर्डर संघाकडून खेळावे लागले.

पदार्पण व सुरुवातीची वर्षे :

१९९४ ची आयसीसी ट्रॉफी नैरोबीत झाली. अंतिम सामन्यात संयुक्त अरब अमिरातीकडून पराभूत होऊनही केनिया १९९६ च्या विश्वचषकास पात्र ठरला. या संघाचे प्रशिक्षक हनुमंतसिंग होते. दि. १८ फेब्रुवारी १९९६ रोजी कटक येथे भारताविरुद्ध केनियाने आपला पहिला एकदिवसीय सामना खेळला. तोच टिकोलोचाही पहिला सामना होता. त्याने ६५ धावा केल्या. सचिन तेंडुलकरच्या नाबाद १२७ धावांपुढे त्या झाकोळून गेल्या आणि भारताने सात गडी राखून विजय मिळवला. पुढे पुण्याचा विजय आला. त्यानंतर ६ मार्च रोजी कँडी येथे श्रीलंकेने ५ बाद ३९८ अशी त्या काळातील विक्रमी धावसंख्या उभारली. असा डोंगर समोर असताना दुबळा संघ सामान्यतः कोसळतो. केनियाने मात्र ७ बाद २५४ धावा केल्या. टिकोलो ९६ धावांवर बाद झाला. शतक चार धावांनी हुकले, परंतु काही दिवसांतच विश्वविजेता ठरणाऱ्या संघाविरुद्ध ही खेळी झाली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

टिकोलोच्या एकदिवसीय धावांची सरासरी २९ च्या आसपास आहे. हा आकडा पाहून अनेकांनी त्याला मध्यम दर्जाचा फलंदाज ठरवले आहे. या सरासरीचा अर्थ लावताना प्रतिस्पर्ध्यांचा विचार करणे अगत्याचे आहे. १९९६ च्या विश्वचषकात केनियाचे पाच सामने भारत, ऑस्ट्रेलिया, झिंबाब्वे, वेस्ट इंडिज व श्रीलंका यांच्याशी झाले. १९९९ मध्ये प्रतिस्पर्धी होते झिंबाब्वे, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, भारत व श्रीलंका. म्हणजे विश्वचषकातील पहिले दहाही सामने कसोटी दर्जाच्या संघांविरुद्ध होते, आणि त्यांच्या दरम्यान सराव मिळावा असे नियमित क्रिकेट त्याच्या देशात नव्हते. १९९९ मध्ये ब्रिस्टल येथे भारताविरुद्ध त्याने अर्धशतक काढले. हा सामना भारतीयांना, त्यातही मराठी माणसांना, वेगळ्याच कारणाने आठवतो. वडील, मराठीचे प्राध्यापक व कवी रमेश तेंडुलकर, यांच्या निधनानंतर परतलेल्या सचिनने त्या दिवशी नाबाद १४० धावा केल्या होत्या. टिकोलोची खेळी पुन्हा एकदा दुसऱ्याच्या मोठ्या दिवसाआड गेली.

क्वालालंपूर, १९९७ :

या कारकीर्दीतील सर्वांत महत्त्वाची खेळी मात्र एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नोंदींत सापडत नाही. एप्रिल १९९७ मध्ये मलेशियात क्वालालंपूर येथे आयसीसी ट्रॉफीचा अंतिम सामना केनिया व बांगलादेश यांच्यात झाला. केनियाच्या ७ बाद २४१ धावांपैकी १४७ धावा एकट्या टिकोलोच्या होत्या. पावसामुळे सामना दुसऱ्या दिवशी गेला आणि बांगलादेशापुढे २५ षटकांत १६६ धावांचे सुधारित लक्ष्य ठेवण्यात आले. ते त्यांनी अखेरच्या चेंडूवर, दोन गडी राखून गाठले.

दोन्ही संघ १९९९ च्या विश्वचषकास पात्र ठरले होते आणि १९९७ मध्येच दोघांनाही एकदिवसीय दर्जा मिळाला. त्या क्षणी दोघांच्या खेळात फार अंतर नव्हते. किंबहुना मैदानावरील पुढील काही वर्षांचा हिशेब केनियाच्या बाजूने झुकतो. मे १९९८ मध्ये हैदराबाद येथे केनियाला हरवून बांगलादेशाने आपला पहिला एकदिवसीय विजय मिळवला, हे खरे. परंतु त्याच मालिकेत ग्वाल्हेर येथे केनियाने भारताला ६९ धावांनी पराभूत केले. ऑक्टोबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथ येथे केनियाने भारतावर पुन्हा ७० धावांनी मात केली.

तरीही जून २००० मध्ये कसोटी दर्जा मिळाला तो बांगलादेशाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ढाका येथे भारताविरुद्ध त्यांनी पहिली कसोटी खेळली. या निर्णयास अन्याय म्हणणे सोपे आहे, परंतु तेवढे पुरेसे नाही. बांगलादेशात क्रिकेटला मोठा प्रेक्षकवर्ग होता, दूरचित्रवाणीची बाजारपेठ होती आणि शेजारी देशांचा भक्कम पाठिंबा होता. केनियाकडे या तिन्हींपैकी एकही नव्हते. तेथे जनसामान्यांचा खेळ फुटबॉल, आणि जगात कीर्ती धावपटूंची. परिणामी एका देशाला पराभव पत्करत शिकण्याची मुभा मिळाली आणि दुसऱ्याला प्रत्येक सामना जिंकून आपली पात्रता सिद्ध करावी लागली. बांगलादेश पहिली कसोटी २००५ मध्ये जिंकला. कसोटी दर्जा मिळाल्यानंतरची ही जवळजवळ पाच वर्षे त्याला सांभाळून घेण्यात आले. केनियाला असे पाठबळ कोणीही दिले नाही.

कर्णधारपद व २००३ चा विश्वचषक :

२००३ च्या विश्वचषकात केनियाचे नेतृत्व टिकोलोकडे होते. प्रशिक्षक होते संदीप पाटील. १९८३ च्या विश्वविजेत्या भारतीय संघातील हा मुंबईकर फलंदाज केनियाच्या संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेला, ही मराठी वाचकांस अभिमानाची बाब वाटल्यास नवल नाही. पहिल्याच सामन्यात दक्षिण आफ्रिकेने दहा गडी राखून विजय मिळवला. त्यानंतर कॅनडाविरुद्ध विजय मिळाला. नोव्हेंबर २००२ मधील मोंबासा येथील दहशतवादी हल्ल्याचे सावट असल्याने न्यूझीलंडने नैरोबीत खेळण्यास नकार दिला आणि केनियाला न खेळताच गुण मिळाले. पुढे अनेकांनी केनियाच्या यशाचे मोजमाप याच गुणांवरून केले. परंतु दि. २४ फेब्रुवारी रोजी नैरोबीच्या जिमखाना मैदानावर जे घडले ते गुणदान नव्हते. केनियाच्या ९ बाद २१० धावांस उत्तर देताना श्रीलंकेचा डाव १५७ धावांत संपला. कॉलिन्स ओबुयाने आपल्या लेगस्पिनवर २४ धावांत पाच गडी टिपले. जोहान्सबर्ग येथे बांगलादेशाचा ३२ धावांनी पराभव झाला. कसोटी दर्जा मिळालेला संघ व न मिळालेला संघ यांची गाठ पडली आणि न मिळालेला संघ जिंकला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

सुपर सिक्स फेरीत झिंबाब्वेवर सात गडी राखून विजय मिळवून केनिया उपांत्य फेरीत पोहोचला. कसोटी दर्जा नसलेल्या देशाने विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध डरबन येथे ब्रेट लीच्या हॅट्ट्रिकने डाव खिळखिळा झाला असता टिकोलोने ५१ धावा करून केनियाला १७४ पर्यंत नेले. याच सामन्यात निवृत्तीतून परतलेल्या आसिफ करीमने ८.२ षटकांत अवघ्या ७ धावा देत तीन गडी बाद केले. दि. २० मार्च रोजी डरबन येथेच उपांत्य सामना झाला. सौरव गांगुलीच्या नाबाद १११ व तेंडुलकरच्या ८३ धावांच्या बळावर भारताने ४ बाद २७० धावा केल्या. केनियाचा डाव १७९ धावांत आटोपला. त्यातील ५६ धावा कर्णधाराच्या होत्या.

टिकोलोच्या नेतृत्वाचे मूल्यमापन करताना त्याच्या डावपेचांपेक्षा त्याच्या ओझ्याचा विचार अधिक करावा लागतो. तो संघाचा मुख्य फलंदाज होता, गरजेच्या वेळी ऑफस्पिन टाकणारा गोलंदाज होता आणि कर्णधारही होता. वंश, जमात व क्लब यांच्या निष्ठा घेऊन आलेल्या खेळाडूंना एकत्र ठेवण्याचे कामही त्यालाच करावे लागे. संघात ओटिएनो, ओडोयो, सुजी यांच्याबरोबर हितेश मोदी, रविंदू शाह, ब्रिजल पटेल होते. आधीच्या पिढ्यांत क्लबांच्या भिंतींनी वेगळे ठेवलेले समाज या संघात एकत्र खेळत होते.

यशानंतरचा दुष्काळ :

विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या संघाचे पुढे काय व्हावे? अन्य देशांनी त्याला दौऱ्यावर बोलावावे, त्याच्या मैदानावर खेळावयास जावे, अशी अपेक्षा करणे गैर नव्हते. प्रत्यक्षात २००४ व २००५ या दोन वर्षांत केनियाच्या वाट्याला केवळ दोन एकदिवसीय सामने आले, तेही सप्टेंबर २००४ मध्ये इंग्लंडात झालेल्या चॅम्पियन्स ट्रॉफीतील. तुलनेसाठी एवढेच नमूद करावे की, तेंडुलकरने केवळ १९९८ या एका वर्षात ३४ एकदिवसीय सामने खेळले होते. टिकोलोने पंधरा वर्षांत सुमारे १३५ सामने खेळले, म्हणजे वर्षास सरासरी नऊ. वयाच्या बत्तिशी-चौतिशीत, फलंदाज ज्या काळात परिपक्व असतो, त्या काळात तो बहुतांशी रिकामा होता.

याच काळात घर आतूनही ढासळले. ऑगस्ट २००४ मध्ये सट्टेबाजांशी संबंध ठेवल्याबद्दल मॉरिस ओडुंबेवर पाच वर्षांची बंदी घालण्यात आली. मानधनाच्या प्रश्नावर खेळाडू व संघटना यांच्यात संघर्ष होऊन ज्येष्ठ खेळाडूंनी बहिष्काराचा मार्ग पत्करला. २००५ मध्ये केनिया क्रिकेट असोसिएशन जाऊन तिच्या जागी ‘क्रिकेट केनिया’ ही नवी संस्था आली. या घटनांचा क्रम मात्र दृष्टिआड करता येत नाही. सामने नसल्यामुळे उत्पन्न नव्हते आणि उत्पन्न नसल्यामुळे मानधनाचे वाद चिघळले. वाद चिघळल्यावर केनियाशी न खेळण्यास इतर देशांना एक सबळ कारण मिळाले. हे दुष्टचक्र केवळ नैरोबीत तयार झालेले नव्हते. अर्थात संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना यातून मोकळे सोडता येणार नाही. विश्वचषकाच्या यशानंतर शाळांपर्यंत खेळ नेण्याची जी संधी होती ती वाया गेली, आणि तिचा दोष लंडन-दुबईत बसलेल्यांवर टाकता येत नाही.

ऑगस्ट २००५ मध्ये आफ्रो-आशिया चषकासाठी आफ्रिका संघात टिकोलोची निवड झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नामिबियातील विंडहोक येथे इंटरकॉन्टिनेन्टल चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने आयर्लंडविरुद्ध १७७ धावा केल्या, तरीही केनिया हरला. येथे १९९७ ची पुनरावृत्ती दिसते. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा टिकोलोची मोठी खेळी, पुन्हा पराभव, आणि पुन्हा समोरचा देशच पुढे गेला. आयर्लंडच्या खेळाडूंना इंग्लिश कौंटी क्रिकेटचे दार उघडे होते. देशांतर्गत व्यवस्थेची उणीव त्यांनी शेजाऱ्याच्या व्यवस्थेवर भागवली. केनियाला असा शेजारी नव्हता. कॉलिन्स ओबुयाला २००३ नंतर वॉरिकशायरने करारबद्ध केले खरे, परंतु तो अपवादच ठरला.

२००७ च्या प्रारंभी नैरोबीत झालेली वर्ल्ड क्रिकेट लीगची पहिल्या विभागाची स्पर्धा टिकोलोच्या नेतृत्वाखाली केनियाने जिंकली. त्याच वर्षीच्या विश्वचषकात त्याने कॅनडाविरुद्ध नाबाद ७२ व इंग्लंडविरुद्ध ७६ धावा केल्या. केनिया साखळीतच बाद झाला. सप्टेंबरमध्ये पहिल्या ट्वेन्टी-२० विश्वचषकात श्रीलंकेने जोहान्सबर्ग येथे केनियाविरुद्ध ६ बाद २६० धावा फटकावल्या आणि केनियाचा डाव ८८ धावांत गुंडाळला. चार वर्षांपूर्वी नैरोबीत हरलेला श्रीलंका तो हाच. प्रतिस्पर्ध्यांचे खेळाडू या चार वर्षांत अखंड खेळत राहिले होते.

अखेरचा टप्पा :

२०११ चा विश्वचषक टिकोलोचा पाचवा. जिमी कमांडे कर्णधार होता. केनियाने सहाही सामने गमावले आणि चाळिशीकडे झुकलेल्या टिकोलोला सूर गवसला नाही. दि. २० मार्च २०११ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर झिंबाब्वेविरुद्ध तो अखेरचा एकदिवसीय सामना खेळला. डरबनच्या उपांत्य सामन्याला त्या दिवशी बरोबर आठ वर्षे पूर्ण झाली होती. ३,४०० हून अधिक धावा, तीन शतके व नव्वदहून अधिक बळी ही त्याची एकदिवसीय सामन्यांतील नोंद. कसोटी सामना त्याच्या वाट्याला एकही आला नाही.

निवृत्तीनंतरचा एक प्रसंग आकडेवारीपेक्षा अधिक सांगतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये ट्वेन्टी-२० विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेसाठी केनियाने ४२ वर्षांच्या टिकोलोला पुन्हा संघात बोलावले. एखाद्या ज्येष्ठ खेळाडूच्या जिद्दीची कथा म्हणून हे वाचता येईल. परंतु त्याच्या मागे उभे राहावयास हवे होते ते फलंदाज कोठे होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याच्या कारकीर्दीच्या पंधरा वर्षांत देशात प्रथम श्रेणीची भक्कम स्पर्धा उभी राहिली नाही, त्यामुळे त्याची जागा घेणारा कोणी तयार झाला नाही. जानेवारी २०१४ मध्ये न्यूझीलंडमधील विश्वचषक पात्रता स्पर्धेतील अपयशानंतर केनियाचा एकदिवसीय दर्जाही गेला. जून २०१७ मध्ये आयर्लंड व अफगाणिस्तान यांना कसोटी दर्जा देण्यात आला, तेव्हा केनियाचे नाव चर्चेतही नव्हते.

टिकोलोने पुढे काही वर्षे शेजारच्या युगांडाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले. तो त्या पदावरून गेल्यानंतर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, युगांडा प्रथमच ट्वेन्टी-२० विश्वचषकास पात्र ठरला. ही पात्रता स्पर्धा विंडहोक येथेच झाली, आणि तीत मागे राहिलेल्या संघांत केनियाही होता.